घरकर्ज थकलं, बँकेची नोटीस आली: घर वाचवण्यासाठी कुठे, केव्हा आणि कोणते कागद घेऊन जायचं

बँकेची नोटीस हातात पडली की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कलेक्टरांना निवेदन द्या, आमदारांचं पत्र आणा, दिवाणी कोर्टातून स्टे मिळवून देणारा एक ओळखीचा वकील आहे. या धावपळीत साठ दिवस निघून जातात आणि एक दिवस दारावर ताब्याची नोटीस चिकटलेली दिसते. कष्ट सगळे झालेले असतात, फक्त ते चुकीच्या कचेरीत, चुकीच्या वेळी झालेले असतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सर्वसाधारण घरकर्जदाराचे थकलेले हप्ते सरकारने भरून द्यावेत अशी योजना आपल्याकडे नाही. सार्वजनिक मदत मिळते ती मोफत वकील, कर्जवसुली न्यायाधिकरण (डीआरटी), लोक अदालत आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल यांच्या रूपाने. यातलं प्रत्येक दार ठरावीक काळातच उपयोगी पडतं. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने वाचा आणि तुम्ही आज कोणत्या पायरीवर आहात ते आधी शोधा.

## पायरी १: कर्ज कुणाचं आणि कारवाई कोणत्या कायद्याखाली, हे ओळखा

नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदातच कायद्याचं नाव असतं. ते वाचल्याशिवाय कुणाचाही सल्ला घेऊ नका, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

बँक किंवा गृहवित्त कंपनी असेल तर बहुतेक वेळा २००२ चा सरफेसी कायदा लागतो. या कायद्यात बँकेला घराचा ताबा घेऊन लिलाव करण्यासाठी आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलं. त्यामुळे ‘आमची तर गावातली सहकारी बँक आहे, ती काय करणार’ या भरवशावर राहू नका. गृहवित्त कंपनी सोडून इतर वित्त कंपनीचं, म्हणजे एनबीएफसीचं कर्ज असेल, तर तारण कर्ज किमान २० लाखांचं असल्याशिवाय तिला हा कायदा वापरता येत नाही.

पतसंस्थेचं कर्ज वेगळं. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतला जातो. त्या अर्जाची सुनावणी होते, तिची तारीख तुम्हाला कळवली जाते आणि तुमचं म्हणणं मांडण्याची खरी जागा तीच असते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी वसुलीच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. तारीख चुकवणाऱ्याला ते पैसे मोजावे लागतात.

खासगी सावकाराकडे घर अडकलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.

यापुढचं सगळं सरफेसीबद्दल आहे.

तपासा: तारण शेतजमीन असेल, किंवा मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेपैकी २० टक्क्यांपेक्षा कमी देणं उरलं असेल, तर कलम ३१ नुसार सरफेसीची कारवाई होत नाही. वीस वर्षांच्या कर्जाची सतरा-अठरा वर्षं फेडलेल्यांनी हा हिशेब नक्की करून पाहावा.

## पायरी २: नव्वद दिवसांच्या आतच बँकेत जा

हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, आणि सरफेसीची नोटीस त्यानंतरच काढता येते. या तीन महिन्यांत बँक शाखेच्या पातळीवर बरंच काही करू शकते. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो, किंवा कर्जाची पुनर्रचना होते. एनपीए झाल्यावर प्रकरण वसुली विभागाकडे जातं आणि शाखेतला ओळखीचा अधिकारी ‘आता माझ्या हातात नाही’ म्हणतो. ते खरंही असतं.

अर्ज लेखी द्या. नोकरी गेली असेल तर कार्यमुक्तीचं पत्र, आजारपण असेल तर रुग्णालयाची बिलं, धंदा बसला असेल तर बँक खात्याचा उतारा जोडा. आणि आकडा लिहा: ‘सध्या दरमहा इतके भरू शकतो, अमुक महिन्यापासून पूर्ण हप्ता सुरू करतो.’ ‘थोडी सवलत मिळावी ही नम्र विनंती’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर कोणताही अधिकारी निर्णय घेऊ शकत नाही.

इशारा: एनपीए झाल्यानंतर एखाद-दुसरा हप्ता भरल्याने खातं नियमित होत नाही. मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरली तरच होतं. अर्धवट रक्कम जमवली असेल तर ती भरण्याआधी बँक त्या बदल्यात काय करणार हे लेखी विचारा. घरकर्ज फेडण्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढता येते, तिचाही विचार याच टप्प्यावर करा. चौकशी ईपीएफओकडे करायची.

## पायरी ३: कागदांची फाईल बनवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून वगळली जाते, आणि पुढे वकिलासमोर बसल्यावर सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एका फाईलमध्ये हे ठेवा: कर्जाचं मंजुरीपत्र आणि करारनामा, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, भरणा केल्याच्या पावत्या, बँकेचं प्रत्येक पत्र त्याच्या पाकिटासह, घराचा नोंदणीकृत करार, सोसायटीचं भागपत्र, सर्व सहकर्जदार आणि जामीनदारांची नावं-पत्ते.

पाकीट का, तर त्यावरच्या टपाल शिक्क्यावरून नोटीस कधी निघाली आणि कधी पोहोचली हे दाखवता येतं. प्रत्येक पत्र आल्याची तारीख त्यावर पेनाने लिहा.

खातेउताऱ्यात दोन गोष्टी बारकाईने बघा. पहिली, दंडाची आकारणी. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड व्याजाच्या दरात मिसळता येत नाही, तो स्वतंत्र शुल्क म्हणूनच लावावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुन्या कर्जांनाही हा नियम जून २०२४ अखेरपर्यंत लागू करायचा होता. दुसरी गोष्ट, तुम्ही भरलेली एखादी रक्कम उताऱ्यात दिसतच नाही असं तर झालेलं नाही ना.

आणि कर्ता माणूस गेल्यामुळे हप्ते थकले असतील तर सगळ्यात आधी कर्जासोबत काढलेला विमा शोधा. कर्ज देताना बऱ्याचदा समूह विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असल्याने घरच्यांना पत्ताही नसतो. मंजुरीपत्र आणि पहिल्या महिन्याचा उतारा बघा, विमा कंपनीचं नाव सापडलं तर त्याच आठवड्यात दावा दाखल करा आणि त्याची पोच बँकेला द्या. दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्याची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत.

## पायरी ४: साठ दिवसांची नोटीस आली की लेखी हरकत द्या

कलम १३(२) खालची नोटीस म्हणजे कारवाईची सुरुवात. तिच्यात साठ दिवसांत सगळं कर्ज फेडा असं लिहिलेलं असतं, फक्त थकलेले हप्ते नव्हे. तो आकडा बघूनच माणसं हबकतात आणि नोटीस कपाटात जाते. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

कलम १३(३-अ) नुसार तुम्ही या नोटिशीवर हरकत नोंदवू शकता, आणि हरकत मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेला कारणांसह लेखी उत्तर द्यावंच लागतं. हरकत देण्याला पैसे पडत नाहीत, वकील सक्तीचा नाही. पुढे न्यायाधिकरणात गेलात तर तुम्ही वेळेत काय म्हटलं होतं याचा हा पहिला पुरावा.

हरकतीत काय लिहायचं:

१. नोटीस क्रमांक, तारीख, कर्ज खातं क्रमांक.
२. कोणता आकडा मान्य नाही आणि का. ‘अमुक तारखेला भरलेले इतके रुपये जमा दाखवलेले नाहीत’ असं नेमकं.
३. एनपीए ठरवल्याची तारीख चुकीची वाटत असेल तर तुमचा हिशेब.
४. दंड आणि इतर खर्चाचा तपशील मागणारं एक वाक्य.
५. तुमचा परतफेडीचा प्रस्ताव, आकडे आणि तारखांसह.
६. ‘माझ्या हरकतीवर निर्णय होईपर्यंत पुढची कारवाई करू नये’ ही विनंती.

पत्र नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावाने लिहा, शाखा व्यवस्थापकाच्या नाही. स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा आणि एक प्रत शाखेत देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. मराठीत लिहिलं तरी चालतं. मजकूर स्पष्ट असला म्हणजे झालं.

इशारा १: नोटिशीचं पाकीट नाकारू नका. तुम्ही ते टाळलं तर बँक नोटीस दारावर चिकटवते, दोन वर्तमानपत्रांत छापते आणि ती तुम्हाला मिळाली असं धरलं जातं. बदनामी वाढते, दिवस मात्र वाढत नाहीत.

इशारा २: दिवस नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून मोजा. ‘मला उशिरा मिळाली’ हा वाद नंतर घालता येईल, पण त्यावर घर पणाला लावू नका.

इशारा ३: ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. घाईने भाऊबंदाच्या नावे बक्षीसपत्र करणं तर मुळीच नको. त्याने घर वाचत नाही आणि न्यायाधिकरणात तुमचा हेतू संशयास्पद ठरतो.

या टप्प्यावर न्यायाधिकरणात जाता येत नाही. बँकेने हरकत फेटाळली एवढ्या कारणावरून अर्ज केला तर तो अवेळी ठरतो. दिवाणी कोर्टातला स्टे सुचवणाऱ्यांना कलम ३४ दाखवा, या विषयांत दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही.

## पायरी ५: त्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणात जा

लोक इथे पोहोचतात तेव्हा बहुतेक वेळा टाळं लागलेलं असतं. तेव्हा वकिलाच्या हातात फार थोडं उरतं. हरकत लिहिण्याच्या दिवसांतच जा, म्हणजे ती हरकतही त्यांच्याकडून तपासून घेता येईल.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. देशभरासाठी मदत क्रमांक १५१०० आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतल्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक ३ लाख रुपये आहे. महिलांना उत्पन्नाची अट नाही. आपल्याकडे घर आणि कर्ज बऱ्याचदा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं, तेव्हा पत्नीने सहकर्जदार म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करावा. हा मार्ग सरळ कायद्यातला आहे, तरी फार कमी घरांना माहीत असतो.

‘मोफत वकील फक्त कोर्टासाठी, डीआरटीसाठी नाही’ असं कुणी सांगितलं तर मागे फिरू नका. त्या कायद्यातल्या न्यायालयाच्या व्याख्येत न्यायाधिकरणंही येतात.

सोबत आधार कार्ड, लागू असेल तर जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, आणि पायरी ३ ची फाईल न्या. अर्जात ‘बँकेची अमुक तारखेची नोटीस, मुदत अमुक दिवशी संपते’ हे पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे निकड लगेच कळते.

## पायरी ६: लोकपालाकडे तक्रार, पण नेमक्या कामासाठी

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल लिलाव थांबवत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण तक्रार टाकून निर्धास्त बसलेली माणसं न्यायाधिकरणात जाण्याची पंचेचाळीस दिवसांची मुदत (पायरी ८) घालवून बसतात. तो उपयोगी पडतो चुकीची आकारणी, खातेउतारा न देणं किंवा वसुली एजंटांची दांडगाई अशा तक्रारींसाठी. एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. फोनची नोंद जपून ठेवा. धमकी दिली तर पोलिसांत वेगळी तक्रार करा.

क्रम असा: आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस संकेतस्थळावर तक्रार. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क नाही. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र राष्ट्रीय आवास बँकेकडे, तिच्या ग्रिड्स या संकेतस्थळावर करायची असते. तोच वाद न्यायाधिकरणात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही.

## पायरी ७: तडजोड करायची की घर स्वतः विकायचं, हे लवकर ठरवा

इथे स्वतःशी प्रामाणिक हिशेब लागतो. उत्पन्न पुन्हा सुरू होणार असेल तर थकबाकी भरून खातं नियमित करण्याचा प्रयत्न करा. होणार नसेल, तर लिलावाची वाट पाहण्यापेक्षा घर स्वतः विकणं मला नेहमीच शहाणपणाचं वाटतं. ताब्याच्या वादातलं घर घेताना लिलावातले बोलीदार हात आखडता घेतात. स्वतः गिऱ्हाईक आणलं तर कर्ज फिटून हातात काही उरण्याची शक्यता जास्त असते. बँकेची लेखी संमती घ्या, देय रकमेचं पत्र मागा आणि खरेदीदाराला पैसे थेट कर्ज खात्यात भरायला सांगा. व्यक्तीने बदलत्या व्याजदरावर घेतलेल्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागत नाही. कुणी मागितलं तर नियम दाखवा.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, मागता येते पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. म्हणून प्रस्तावासोबत पैसे कुठून येणार याचा कागद जोडा. तडजोड झाली तर पतअहवालात कर्ज ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज मिळणं कठीण होतं, हेही धरून चाला.

लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका. तिथे तुमच्याविरुद्ध निकाल लादला जात नाही, दोघांच्या संमतीशिवाय काही होत नाही. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण तिथे ठेवता येतं, तसा अर्ज विधी सेवा प्राधिकरणात द्या. पण सही केलेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. पाळता येतील अशाच तारखा लिहून घ्या.

इशारा: ‘कर्ज माफ करून देतो’ म्हणून आगाऊ फी किंवा घराचं कुलमुखत्यारपत्र मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

## पायरी ८: ताब्याची नोटीस लागली की पंचेचाळीस दिवस सुरू

साठ दिवस उलटल्यावर बँक कलम १३(४) खाली आधी प्रतीकात्मक ताबा घेते. दारावर नोटीस चिकटते आणि सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तुम्ही अजून घरातच असता, म्हणून ‘काही झालं नाही’ असं वाटतं. झालेलं असतं. कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करण्याची ४५ दिवसांची मुदत या दिवसापासून धावू लागते.

महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. ‘डीआरटी फक्त २० लाखांवरच्या कर्जासाठी’ हा समज बँकेने लावायच्या दाव्यांपुरता खरा आहे. कर्जदाराच्या कलम १७ च्या अर्जाला रकमेची अट नाही. आधी काही रक्कम भरण्याची अटही नाही, फक्त शुल्क लागतं: मागणी १० लाखांच्या आत असेल तर दर लाखाला ५०० रुपये, त्यापुढे ५,००० रुपये आणि वरच्या दर लाखाला २५०, कमाल १ लाख. म्हणजे २५ लाखांच्या मागणीला ८,७५० रुपये.

अर्जासोबतच स्थगितीचा वेगळा अर्ज द्या. मुख्य अर्ज दाखल झाला म्हणून कारवाई आपोआप थांबत नाही. स्थगिती देताना न्यायाधिकरण काही रक्कम भरायला सांगू शकतं, तेवढी तजवीज आधीच करून ठेवा. मुद्दे नेमके हवेत: हरकतीला उत्तर दिलं नाही, नोटीस सहकर्जदाराला बजावलीच नाही, वर्तमानपत्रात वेळेत छापलं नाही. ‘आम्ही गरीब आहोत’ हे खरं असलं तरी कायद्याचा मुद्दा होत नाही. थेट उच्च न्यायालयात गेलात तर बहुतेक वेळा आधी डीआरटीत जा असंच सांगितलं जातं.

## पायरी ९: प्रत्यक्ष ताबा आणि लिलाव

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. तिथे कर्ज खरं की खोटं याचा निवाडा होत नाही, फक्त बँकेचे कागद तपासले जातात. कलेक्टर कचेरीत निवेदन देऊन काही हाती लागत नाही ते यामुळे. आदेशानंतर तहसीलदार किंवा नेमलेला अधिकारी पोलीस बंदोबस्तात येतो. त्या दिवशी अडवणूक करू नका. आदेशाची प्रत मागा, सामानाची यादी आणि पंचनामा करून घ्या, औषधं, मुलांची पुस्तकं आणि मूळ कागद आधीच बाहेर काढून ठेवा. आदेश नसताना कुणी ‘स्वखुशीने ताबा दिला’ अशा कागदावर सही मागितली तर करू नका.

विक्रीआधी बँकेला मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवावी लागते आणि तुम्हाला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पहिला लिलाव फसला तर पुढच्या वेळी १५ दिवस पुरतात. राखीव किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी वाटली तर स्वतंत्र मूल्यांककाचा अहवाल घेऊन लगेच वकिलाला गाठा. सरकारी बँकांचे लिलाव बँकनेट संकेतस्थळावर दिसतात, तिथे आपलं घर अधूनमधून शोधत राहा.

सगळ्यात मोठा इशारा: पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. २०१६ च्या दुरुस्तीने ही रेघ आखली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी भरू’ हा जुना हिशेब आता चालत नाही.

लिलावात कर्ज आणि खर्चापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे आहेत. हिशेबाचं पत्र लेखी मागा. कमी आली तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते, तेव्हा विक्रीनंतरही आलेलं समन्स टाळू नका.

## कर्ज मिटल्यावर घ्यायचे कागद

थकबाकी भरून, तडजोडीने किंवा घर विकून, कसंही प्रकरण मिटलं तरी बँकेकडून देणं बाकी नसल्याचं पत्र आणि कारवाई मागे घेतल्याचं पत्र घ्या. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. सोसायटीच्या नोंदवहीतला आणि मिळकत पत्रिकेवरचा बोजा उतरवून घ्या, डीआरटीत अर्ज चालू असेल तर तडजोडीची प्रत तिथे दाखल करून तो निकाली काढा, आणि दोन-तीन महिन्यांनी पतअहवाल काढून खातं बंद दिसतंय का ते बघा.